‘हरी’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वापर: घाईला कुठे कोणता शब्द

मराठीत घाईच्या छटांना शब्द कमी नाहीत. पाहुणे यायचे असले की घरात लगबग असते, गाडी सुटायच्या वेळी धांदल उडते, पत्रात तातडी असते आणि काम बिघडलं की आपण त्याला घिसाडघाई म्हणतो. कुठे कोणता शब्द घालायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, तो आपोआप तोंडात येतो. इंग्रजी बोलायला लागलं की मात्र या सगळ्यांच्या जागी एकटा ‘हरी’ धावून येतो. तोही पुष्कळदा मोडक्या वाक्यात: ‘आय ॲम हरी’, ‘आय ॲम इन हरी’, ‘डोन्ट डू हरी’.

ऐकणाऱ्याला अर्थ समजतो, त्यामुळे कोणी टोकत नाही आणि चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. म्हणून हा शब्द एकदा मुळापासून नीट बघून घ्यावा. अर्थ पाठ करण्यापेक्षा बोलण्याआधी मनात एक प्रश्न विचारायची सवय जास्त उपयोगी पडते: घाई कोणाला आहे, आणि ती कोण कोणाला करायला लावतंय? मला घाई आहे, मी भराभर चाललोय, मी दुसऱ्याला घाई करतोय, की घाईत काम बिघडलंय? या चारही ठिकाणी इंग्रजी वाक्य वेगळं बनतं.

पहिली पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

स्पेलिंगमध्ये मधे दोन ‘आर’ आणि शेवटी ‘वाय’. उच्चारात पहिल्या अक्षरावर जोर, आणि तिथला स्वर आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा. शेवटची ‘री’ आपण लिहिताना दीर्घ लिहितो, पण बोलताना ती लांबवायची नाही. मराठी ‘र’ म्हणताना जीभ टाळूला टेकून सुटते. इंग्रजी ‘आर’ला जीभ नुसती मागे वळते, कुठे टेकत नाही. एवढं जमलं की शब्द बराच स्वच्छ ऐकू येतो.

खरा धोका ‘हॅरी’चा आहे. ‘ॲ’ आला की ते माणसाचं नाव होतं. ब्रिटिश उच्चारात ‘हरी’मधला स्वर ‘कप’, ‘बस’मधला असतो. बऱ्याच अमेरिकन लोकांच्या तोंडी हाच शब्द ‘फर’मधल्या स्वराने येतो, तिथे ‘र’ स्वरातच मिसळून जातो. चित्रपट किंवा मुलाखत ऐकताना शब्द वेगळा वाटला तर कारण हे. आपण कोणताही एक उच्चार धरावा आणि तोच ठेवावा.

रूपं अशी: ‘ही हरीज’, ‘शी हरीड’, ‘दे आर हरीइंग’. पहिल्या दोन रूपांत लिहिताना ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, ‘हरीइंग’मध्ये ‘वाय’ जागच्या जागी राहतो. परीक्षेत गुण जातात ते इथेच.

जाता जाता: ‘हरिकेन’ म्हणजे चक्रीवादळ, आणि त्याचा ‘हरी’शी काही संबंध नाही. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. स्पेलिंगचं साम्य बघून नातं जोडू नये.

दुसरी पायरी: ‘इन अ हरी’

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ‘मला घाई आहे’ याला इंग्रजी ‘आय ॲम इन अ हरी’. यातला ‘इन’ही हवा आणि ‘अ’ही हवा.

‘आय ॲम हरी’ का चुकतं? ‘हरी’ हे विशेषण नाही. ‘आय ॲम टायर्ड’, ‘आय ॲम हंग्री’ यांच्या ओळीत ते बसत नाही. इथे ते नाम आहे. मराठीत घाई माणसाला असते, म्हणजे ती बाहेरून येऊन चिकटते. इंग्रजीत माणूस घाईच्या आत असतो, म्हणून ‘इन’. आणि ती त्या वेळेची एक ठरावीक घाई असते, म्हणून ‘अ’.

‘आय ॲम इन हरी’ ही चूक त्याहून चिवट आहे. चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्या ईमेलमध्येही ती सापडते. मराठीत ‘अ’सारखा शब्दच नसल्यामुळे तो गळाला तरी कानाला खटकत नाही. उपाय एकच: ‘इन अ हरी’ हे तीन शब्द नसून एकच शब्द आहे असं समजून ‘इनअहरी’ असं सलग म्हणायचं. इंग्रजी बोलणारेही ते सलगच म्हणतात.

आता त्याला पुढे जोडायला शिका. कशाची घाई आहे हे सांगायचं तर ‘टू’ आणि क्रियापद: ‘आय ॲम इन अ हरी टू लीव्ह’, मला निघायची घाई आहे. आपण मराठीत ‘निघण्याची’ म्हणतो, त्यामुळे ‘हरी ऑफ लीव्हिंग’ किंवा ‘हरी फॉर लीव्हिंग’ असं तोंडात येतं. ते नको. एखादी वस्तू लवकर हवी असेल तर मात्र ‘फॉर’ चालतो: ‘ही इज इन अ हरी फॉर द मनी’, त्याला पैसे तातडीने हवेत.

घाई किती आहे हे सांगताना ‘व्हेरी’ लावू नका. ‘इन व्हेरी हरी’ असं काही नसतं. ‘इन अ ग्रेट हरी’, ‘इन अ टेरिबल हरी’, ‘इन सच अ हरी’ हे बरोबर. सगळ्यात कामाचं आहे ‘इन अ बिट ऑफ अ हरी’. रस्त्यात कोणी गाठलं, फोनवर कोणी रेंगाळलं, तर ‘सॉरी, आय ॲम इन अ बिट ऑफ अ हरी’ म्हटलं की समोरच्याला न दुखावता निघता येतं. मराठीत आपण ‘जरा घाईत आहे’ म्हणतो, त्यातल्या ‘जरा’चं काम इथे ‘अ बिट ऑफ’ करतं.

घाईच्या भरात काही विसरलं, सांडलं, चुकलं असं सांगायचं तर ‘अ’ची जागा माणसाचं सर्वनाम घेतं: ‘इन माय हरी टू कॅच द ट्रेन, आय लेफ्ट द फाइल ॲट होम’. गाडी पकडायच्या घाईत फाइल घरीच राहिली. ही रचना लिखाणात फार शोभते आणि आपल्याकडे फार कमी वापरली जाते.

एक सावधगिरी. मराठीत ‘घाईची लागली’ म्हणजे शौचाला जायची निकड. तिथे ‘आय ॲम इन अ हरी’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल तुम्हाला कुठेतरी पोचायचंय, आणि तो बाजूला होऊन तुम्हाला दारापर्यंत सोडेल. तिथे ‘आय नीड द टॉयलेट अर्जंटली’ असंच सांगावं.

तिसरी पायरी: ‘हरी’ क्रियापद म्हणून

क्रियापद म्हणून या शब्दाला दोन अंगं आहेत. पहिलं, स्वतः लगबगीने करणं किंवा जाणं. ‘शी हरीड होम’, ती लगबगीने घरी गेली. ‘होम’च्या आधी ‘टू’ येत नाही, इतर जागांच्या आधी येतो: ‘शी हरीड टू द स्टेशन’. ‘हरी’मध्ये वेग आधीच आहे, त्यामुळे ‘हरी फास्ट’ किंवा ‘हरी क्विकली’ म्हणजे ‘लगबगीने लवकर लवकर’. एक शब्द पुरे.

दुसरं अंग म्हणजे दुसऱ्याला घाई करायला लावणं. ‘डोन्ट हरी मी’, माझ्यामागे घाई लावू नकोस. ‘यू कान्ट हरी धिस डिसिजन’, हा निर्णय घाईने घेण्यासारखा नाही. इथे घाई करणारा एक आणि जिच्यावर घाई होते ती व्यक्ती किंवा गोष्ट दुसरी. म्हणूनच ‘आय वॉज हरीड’ याचा अर्थ ‘मी घाईत होतो’ असा होत नाही. ‘मला कोणीतरी घाई करायला लावली’ असा होतो. तक्रार करायची नसेल तर हे वाक्य टाळा.

या शब्दाने माणसांवर लादलेली घाई दाखवावी याला एक जड इतिहास आहे. इंग्लंडच्या कोळसा खाणींमध्ये कोळशाचे गाडे ओढणाऱ्या-ढकलणाऱ्यांना ‘हरिअर’ म्हणत. त्यांत लहान मुलं होती, मुली होत्या, बायका होत्या. बोगदे इतके बुटके असत की गाडा ओढताना वाकून, कधी हातापायांवर चालावं लागे. १८४२ च्या खाण कायद्याने स्त्रिया, मुली आणि १० वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखाली कामाला लावण्यावर बंदी आली. ते नाव आता वापरात नाही, पण जुन्या कागदपत्रांत ‘हरिअर’ दिसला तर तो घाईत असलेला माणूस नव्हे, हे माहीत असावं.

‘हरी’पुढे येणारे छोटे शब्द अर्थाला वळण देतात. ‘हरी बॅक’ म्हणजे लवकर परत ये, आणि ते मायेनेही म्हणता येतं. ‘हरी ऑफ’ म्हणजे घाईने निघून जाणं. ‘हरी थ्रू’ म्हणजे उरकणं: ‘ही हरीड थ्रू हिज होमवर्क’, त्याने गृहपाठ कसाबसा उरकला. आपल्या ‘उरकणे’ला इतका नेमका जोड मिळतो हे मला फार आवडतं, कारण दोन्हींत काम संपल्याचा आनंद आहे आणि ते मनापासून न केल्याची कबुलीही आहे. ‘हरी इन्टू’ म्हणजे विचार न करता एखाद्या गोष्टीत पडणं: ‘डोन्ट हरी इन्टू बायिंग अ हाउस’.

चौथी पायरी: ‘हरी अप’ आणि त्याचा सूर

‘आटप’, ‘आवर लवकर’, ‘चल, पाय उचल’ या सगळ्यांना इंग्रजीत ‘हरी अप’. व्याकरणात अवघड काही नाही. एवढंच बघा की मधे सर्वनाम आलं तर ते ‘अप’च्या आधी बसतं: ‘हरी देम अप’. ‘हरी अप देम’ होत नाही.

अवघड आहे तो सूर. मराठीत ‘आटपा हो’ म्हणताना ‘हो’ असतो, ‘पा’ असतो, आवाजात मऊपणा असतो. आदरार्थी बहुवचनाने निम्मं काम आधीच झालेलं असतं. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे ‘हरी अप’ हे मुलाला, मित्राला, साहेबांना सगळ्यांना सारखंच लागतं, आणि त्यात वैताग ऐकू येतो. घरात, मित्रांत, धाकट्यांना चालेल. ग्राहकाला, वरिष्ठाला, नुकत्याच ओळख झालेल्या माणसाला चालणार नाही. पुढे ‘प्लीज’ जोडून फारसं काही बदलत नाही. ‘प्लीज हरी अप’ म्हणजे दात आवळून केलेली विनंती.

आता बारीक फरक बघा. ‘अप’ काढून टाकला आणि नुसतं ‘प्लीज हरी’ म्हटलं की वैताग जातो आणि काकुळती येते. रुग्णवाहिकेला फोन करणारा माणूस ‘प्लीज हरी’ म्हणतो. तिथे ‘हरी अप’ म्हटलं तरी कोणी रागावणार नाही, कारण जिवाशी गाठ असताना सूर कोणी मोजत नाही. पण एरवी हे दोन अक्षरांचं ‘अप’ फार काही ठरवतं.

माणूस न दुखावता घाई करायला लावायची असेल तर स्वतःलाही त्यात घ्या. ‘वी शुड हरी’ किंवा ‘वी हॅड बेटर हरी, द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स’. इथे दोष कोणावर येत नाही, कारणही कळतं. मराठीत ‘चला, आपल्याला निघायला हवं’ म्हणतो तसंच हे. शक्य तिथे मी हीच रचना सुचवेन.

कामाच्या ठिकाणी ‘हरी’ शब्द मुळात टाळलेलाच बरा. समजा, सहकाऱ्याकडून अहवाल यायचाय आणि उशीर होतोय. ‘प्लीज हरी अप विथ द रिपोर्ट’ असा संदेश गेला तर त्याला तो ओरडा वाटतो, आणि कधीपर्यंत हवंय हे त्यातून कळत नाहीच. ‘प्लीज सेंड द रिपोर्ट फास्ट’ हेही तसंच. त्याऐवजी: ‘कुड आय हॅव द रिपोर्ट बाय फोर? द मीटिंग इज ॲट फाइव्ह.’ या दोन वाक्यांत घाईचा एकही शब्द नाही. वेळ आहे आणि कारण आहे. वाचणारा घड्याळ बघतो आणि कामाला लागतो. तरीही उत्तर आलं नाही तर पुढचा संदेश: ‘जस्ट चेकिंग, इज फोर स्टिल पॉसिबल?’ यात पाठपुरावा आहे, पण टोचणी नाही.

‘गेट अ मूव्ह ऑन’, ‘मेक इट स्नॅपी’, ‘चॉप-चॉप’ हे ‘हरी अप’चे उद्धट भाऊबंद. ऐकून समजले म्हणजे पुरे. ‘चॉप-चॉप’ चीनच्या किनाऱ्यावर व्यापारात बोलल्या जाणाऱ्या पिजिन, म्हणजे मिश्र आणि कामचलाऊ, इंग्रजीतून आला. आज एखाद्या नोकरासमोर टाळ्या वाजवून बोलावं तसा तो ऐकू येतो. तो वापरूच नका.

पाचवी पायरी: घाई नाही हे कसं सांगायचं

‘घाई करू नकोस’ याचं आपण थेट ‘डोन्ट डू हरी’ करतो. ‘करणे’ला ‘डू’ लावायची सवय इथे नडते, कारण ‘हरी’ स्वतःच क्रियापद आहे. ‘डोन्ट हरी’ एवढं पुरे. ‘मेक हरी’ही नाही. ‘मेक’ लागतो तो ‘हेस्ट’ला, म्हणजे घाईसाठीच्या दुसऱ्या, जुन्या शब्दाला.

तरीही ‘डोन्ट हरी’पेक्षा ‘देअर इज नो हरी’ किंवा ‘टेक युअर टाइम’ जास्त सौम्य. ‘डोन्ट’ने सुरू झालेलं वाक्य शेवटी आज्ञाच राहतं. ‘सावकाश होऊ दे’ असं ज्या आपुलकीने आपण म्हणतो, तिच्या सगळ्यात जवळचं ‘टेक युअर टाइम’ आहे.

पण ‘नो हरी’ म्हणताना जपा. आपण सौजन्य म्हणून ‘घाई नाही हो’ म्हणतो आणि मनात मात्र दोन दिवसांत काम व्हावं असं असतं. इंग्रजीत समोरचा ते शब्दशः घेतो आणि काम बाजूला ठेवतो. म्हणून तारीख जोडा: ‘नो हरी, फ्रायडे इज फाइन’.

‘व्हॉट इज द हरी?’ हा प्रश्न दोन्हीकडे वळतो. हसून विचारला तर ‘अहो, बसा की, एवढी काय घाई आहे’. रोखून विचारला तर ‘एवढं काय आभाळ कोसळलंय’. लिहिताना हसू दिसत नाही, म्हणून संदेशात तो न लिहिलेला चांगला.

‘इन नो हरी’मध्ये आणखी एक खोच आहे. ‘ही वॉज इन नो हरी टू आन्सर’ म्हणजे त्याला उत्तर द्यायची घाई नव्हती, इतकंच नाही. त्याची इच्छाच नव्हती, अशी सूचना त्यात असते. आणि ‘आय वोन्ट गो देअर अगेन इन अ हरी’ हे वाक्य तर घाईबद्दल नाहीच. ‘पुन्हा काही मी तिकडे लवकर जायचा नाही’ असं कान पकडून आपण म्हणतो, तेच ते.

सहावी पायरी: ‘लवकर’चे तीन रस्ते

घाईबद्दल बोलताना निम्म्या चुका ‘हरी’मुळे होत नाहीत. त्या ‘लवकर’मुळे होतात, म्हणून इथे थोडं थांबू या. मराठीत ‘लवकर ये’ एवढं म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं, लवकर म्हणजे नेमकं काय?

ठरलेल्या वेळेच्या आधी, तर ‘अर्ली’. ‘कम अर्ली’ म्हणजे सातला सुरू होतंय, साडेसहाला ये. थोड्याच काळात, तर ‘सून’. ‘कम सून’ म्हणजे फार दिवस लावू नकोस. निरोपाच्या पत्रात शोभेल असं हे. वेगाने, तर ‘क्विकली’. ‘कम क्विकली’ म्हणजे हातातलं टाक आणि ये, काहीतरी झालंय. या तिसऱ्या अर्थाशीच ‘हरी’ जोडलेला आहे. पाहुण्याला प्रेमाने ‘कम क्विकली’ लिहिलं तर तो घाबरून फोन करेल.

‘अर्जंट’चंही बघून घेऊ. मराठीत तो शब्द इतका रुळलाय की ‘मी अर्जंटमध्ये आहे’ असंही ऐकू येतं. इंग्रजीत काम, निरोप, गरज अर्जंट असते, माणूस नसतो. ‘इट इज अर्जंट’ म्हणा, ‘आय ॲम अर्जंट’ म्हणू नका. ‘हरी-बरी’ हा जोडशब्दही बोलण्यात ऐकू येतो. लिखाणात आणि बाहेरच्या लोकांशी बोलताना तो सोडून द्यावा.

सातवी पायरी: शेजारचे शब्द

‘रश’ हा ‘हरी’चा जोरकस भाऊ. ‘हरी’मध्ये लगबग आहे, ‘रश’मध्ये धाव आहे, कधी धक्काही आहे. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात तातडीने नेलं, याला बातमीत ‘ही वॉज रश्ड टू हॉस्पिटल’ असंच लिहितात. अमेरिकन बातमीत ‘हॉस्पिटल’च्या आधी ‘द’ येतो. कॅलिफोर्नियात जानेवारी १८४८ मध्ये सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी जगभरातून माणसं तिकडे लोटली, त्याला ‘गोल्ड रश’ म्हणतात. त्या झुंबडीला ‘हरी’ शोभलाच नसता. ‘डोन्ट रश मी’ हे ‘डोन्ट हरी मी’सारखंच, फक्त जरा तिखट. ‘इन अ रश’मध्येही ‘अ’ लागतोच.

आपण गर्दीला ‘रश’ म्हणतो: ‘आज खूप रश आहे’. इंग्रजीत ‘रश’ म्हणजे ठरावीक वेळी एकदम लोटणारी गर्दी, जशी ‘रश अवर’मध्ये. नुसती भरलेली बस ‘क्राउडेड’.

‘हेस्ट’ नाम आहे, जुन्या वळणाचं. ‘इन हेस्ट’मध्ये ‘अ’ येत नाही, म्हणून ‘इन अ हरी’शी त्याची गल्लत होते. अलीकडे त्याचा सूर बहुधा दोषाचा असतो: घाई केली आणि बिघडलं. ‘हेस्टी’ म्हणजे उतावीळ, अविचारी. ‘हरीड लंच’ म्हणजे वेळ नव्हता म्हणून पटकन उरकलेलं जेवण, त्यात कोणाचा दोष नाही. ‘हेस्टी डिसिजन’मध्ये दोष आहे. दुसऱ्याच्या निर्णयाला ‘हेस्टी’ म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करा, कारण ती टीका आहे.

‘मोर हेस्ट, लेस स्पीड’ ही म्हण पहिल्यांदा वाचताना कोड्यात टाकते. घाई जास्त तर वेग कमी कसा? ‘स्पीड’चा जुना अर्थ यश, भरभराट असा होता. तो लक्षात घेतला की म्हण सरळ होते: घाई जास्त, यश कमी. आपलं ‘अति घाई संकटात नेई’ हे त्याच घरातलं. ‘पोस्ट-हेस्ट’ म्हणजे ताबडतोब. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये तातडीच्या पत्रावर ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असं लिहीत. ‘पोस्ट’ म्हणजे पत्र नेणारा स्वार, आणि ही सूचना त्याला असे. शब्द तिथून आला.

‘हेस्ट’पासून झालेलं क्रियापद वाचताना एक अक्षर गिळायचं: लिहिताना ‘टी’ असतो, बोलताना ‘हेसन’. एखादी गोष्ट तिच्या वेळेआधी घडवून आणणं हा त्याचा मुख्य अर्थ. ‘द ड्रॉट हेसन्ड द डिक्लाइन ऑफ द सिटी’, दुष्काळामुळे शहराची पडझड लवकर झाली. इथे ‘हरीड’ चालणार नाही. ‘आय हेसन टू ॲड’ म्हणजे ‘गैरसमज व्हायच्या आत सांगून टाकतो’. भाषणात, लेखात फार उपयोगी.

यंत्र, संगणक, प्रक्रिया यांचा वेग वाढवायचा तर ‘स्पीड अप’. यंत्राला घाई नसते, म्हणून ‘हरी द कम्प्युटर’ म्हणत नाहीत. सरकारी आणि कार्यालयीन पत्रात ‘काइंडली एक्स्पिडाइट’, म्हणजे ‘कृपया लवकर करावे’, असं लिहायची पद्धत आहे. अर्थ बरोबर, सूर कोरडा. आणि ‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ हे तातडीचं समजून वापरू नका. त्याचा अर्थ ‘तुमच्या सोयीने, पण फार उशीर न करता’ असा आहे. खरोखर तातडी असेल तर तारीखच लिहा.

आठवी पायरी: थोडा सराव

खाली पाच मराठी वाक्यं आहेत. आधी स्वतः इंग्रजी करा, मग उत्तर बघा.

‘मी जरा घाईत आहे, नंतर बोलू या का?’ उत्तर: ‘आय ॲम इन अ बिट ऑफ अ हरी. कॅन वी टॉक लेटर?’

‘इतक्या घाईत होते की चष्मा घरीच विसरले.’ उत्तर: ‘आय वॉज इन सच अ हरी दॅट आय लेफ्ट माय ग्लासेस ॲट होम.’ जागा सांगितली की ‘फरगॉट’ऐवजी ‘लेफ्ट’ घ्यायचा.

‘मुलांना जरा आवरायला सांग, उशीर होतोय.’ उत्तर: ‘कॅन यू हरी द चिल्ड्रन अप? वी आर रनिंग लेट.’ मुलांच्या जागी सर्वनाम घातलं तर ‘हरी देम अप’.

‘सावकाश वाच, घाई नाही. सोमवारी कळव.’ उत्तर: ‘टेक युअर टाइम. मंडे इज फाइन.’ ‘हरी’ कुठेच नाही, आणि गरजही नाही.

‘लेख चांगला आहे, पण शेवट उरकून टाकलाय.’ उत्तर: ‘द आर्टिकल इज गुड, बट द एंडिंग इज रश्ड.’ इथे ‘हरीड’ म्हटलं तरी चुकणार नाही, पण लिखाण, चित्रपट, बांधकाम यांत घिसाडघाई झाली असं सांगताना इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘रश्ड’च आधी येईल.